साखरपुड्याच्या अंगठीत खडा कोणता?

प्रश्न : डिसेंबरात साखरपुडा आहे. मला निळा खडा आवडतो, पण आजी म्हणते, नीलम शनीचा, तो असाच घालायचा नाही. सासरची माणसं हिरा सुचवतायत. खर्च बेताचा करायचाय. अंगठी रोज बोटात राहणार. मासे करताना, नारळ खवताना काढून ठेवणं जमणार नाही. – एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : रोज घालायची अंगठी म्हटल्यावर आधी खड्याचा कठीणपणा बघायचा, मग रंग, मग किंमत. मोहस् मापावर (कठीणपणाचं 1 ते 10 चं माप) हिरा 10, नीलम आणि माणिक 9, पाचू साडेसात ते आठ. पुळणीवरच्या वाळूत आणि घरातल्या धुळीत क्वार्ट्‌झचे कण असतात, त्यांचा कठीणपणा 7. त्याहून मऊ खडा नुसत्या पुसण्यानेही चरे पडून निस्तेज होतो. म्हणून टांझानाईट कितीही मोहक निळा असला तरी तो कानात घाला, बोटात नको.

निळ्यात आमची पहिली पसंती नीलमच. आजींचं मन मोडायचं नसेल तर निळा स्पिनेल मागा. कठीणपणा 8, आणि नवरत्नांत त्याची गणना नाही. ब्लू टोपाझही 8 आणि स्वस्त, पण ठरावीक दिशेने फटका बसला की सरळ चिरतो. विळीवर बसणाऱ्या हाताला तो आम्ही देणार नाही.

नीलम दुकानातल्या दिव्याखाली पसंत करू नका. गडद खडा तिथे झगमगतो आणि घरी आणल्यावर काळा दिसतो. दिवसाउजेडी दुकानाच्या पायरीवर, सावलीत धरून बघा. मग सुटा खडा वर्तमानपत्रावर ठेवा. मधोमध खालची अक्षरं सरळ वाचता आली तर खडा उथळ कापलेला आहे; तिथे रंग फिका पडतो आणि चमकही येत नाही. अशा खड्याला पूर्ण भाव देऊ नये.

बाजारातले बहुतेक नीलम तापवून रंग खुलवलेले असतात. तो रंग टिकतो, त्यात फसवणूक नाही. फक्त न तापवलेल्याचा भाव मागितला तर प्रमाणपत्रावर तसं लिहिलेलं हवं. भेगांत शिसेयुक्त काच भरलेला खडा मात्र घेऊ नका. ती काच लिंबाच्या रसानेही खाल्ली जाते आणि भेगा उघड्या पडतात. माशांना लिंबू चोळणाऱ्या बोटात तो किती दिवस टिकणार? माणकात हा प्रकार फार आढळतो.

वजन कॅरेटमध्येच लिहून घ्या (1 कॅरेट म्हणजे 200 मिलिग्रॅम). रत्ती दुकानागणिक बदलते. नीलम हिऱ्यापेक्षा जड असतो. 1 कॅरेटचा गोल हिरा साधारण साडेसहा मिलिमीटरचा, तर नीलम सहाच्या आसपास. दोन्हींची तुलना करायची तर मिलिमीटर विचारा.

सोनं 18 कॅरेटचं घ्या (सोन्यात कॅरेट म्हणजे वजन नव्हे, शुद्धता). 22 कॅरेट मऊ असतं, खडा धरणारी टोकं वाकतात, झिजतात आणि एक दिवस खडा गळून पडतो. तुमच्या कामाला सोन्याची कड चहूबाजूंनी असलेलं बंद कोंदणच बरं. केसांत, कपड्यांत अडकत नाही. बिलावर सोन्याचं निव्वळ वजन आणि खड्याचं वजन वेगळं हवं. हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकी एचयूआयडी (दागिन्यावर कोरलेला ओळख क्रमांक) सोन्याची खात्री देतो, खड्याची नाही.

प्रश्न : लॅबमधला हिरा खरा असतो का? पुढे मोडला तर किती मिळतील? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तो हिराच, तोच कार्बन, तोच कठीणपणा. डोळ्यांनी किंवा दुकानातल्या हिरा तपासायच्या उष्णतेच्या पेनने फरक कळत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र लागतं. त्यावरचा क्रमांक हिऱ्याच्या कडेवर लेसरने कोरलेला असेल तर दहापट भिंगातून ताडून बघा. मोइसनाइट हा हिऱ्यासारखा दिसणारा वेगळा खडाही त्या पेनला हिराच वाटतो; पण भिंगातून तिरकं पाहिलं की मागच्या पैलूंच्या रेषा जोडीने दिसतात.

मोडताना लॅबच्या हिऱ्याचे फारसे काही येत नाहीत, आणि खाणीतल्या हिऱ्याचीही दुकानातली पूर्ण किंमत परत मिळत नाही. किंमत टिकवायची तर खडा लहान ठेवा, सोनं वाढवा. खाणीतला घेताना 1 कॅरेटऐवजी 0.90 चा घ्या. आकारातला फरक बोटावर कळत नाही, भावातला कळतो.

प्रश्न : मोत्याची अंगठी चालेल? – एक वाचक, दापोली

उत्तर : सणावारी चालेल, रोज नाही. मोत्याचा कठीणपणा अडीच ते साडेचार, आणि लिंबू, आगळ, घाम, अत्तर सगळंच त्याला बाधतं. वापरून झाला की ओल्या मऊ कापडाने पुसून ठेवा, साबणात बुडवू नका. हिरा आणि नीलम मात्र कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकून वीस मिनिटं भिजवा आणि मऊ ब्रशने मागच्या बाजूने घासा. हिऱ्याला तेलकटपणा पटकन चिकटतो, खोबरेल तेलाने तर तो चारच दिवसांत मंद दिसतो. हे काम वाडग्यात करा, मोरीत नको.