लाइफजॅकेट आहेत, आणखी काय हवं?

प्रश्न : रेवदंड्याला आमची १६ फुटी फायबरची होडी आहे, मागे पेट्रोलचं इंजिन. सुट्टीत मुलांना घेऊन खाडीच्या मुखापर्यंत जातो. लाइफजॅकेट फळीखाली ठेवलेली असतात. आणखी काय काळजी घ्यावी? – एक वाचक, अलिबाग

उत्तर : आधी ती जॅकेटं फळीखालून काढा. धक्का सोडण्यापूर्वीच प्रत्येकाच्या अंगावर हवीत. पाण्यात पडल्यावर ती चढवणं पट्टीच्या पोहणाऱ्यालाही जड जातं. मुलांची त्यांच्या वजनाप्रमाणे घ्या, मांड्यांमधून जाणारा पट्टा असलेली. मोठ्या मापाचं जॅकेट वर सरकतं आणि मूल खालून निसटतं.

इंजिनाची लाल दोरी मनगटाला अडकवता ना? चालवणारा बाहेर फेकला गेला, तर ती निघून इंजिन बंद पडतं. नाहीतर होडी गोल फिरून पंख्यासकट त्याच्याच अंगावर येऊ शकते.

मला खरी काळजी वाटते ती खाडीच्या मुखाची. ओहोटीचं पाणी बाहेर धावत असताना समोरून वारा आला, की तिथे लाटा आखूड आणि उभ्या होतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याची ओढ आणखी वाढते. अशा वेळी मुलांना घेऊन तिकडे जाऊच नका, आतल्या शांत पाण्यात फिरवा. तीही तितकीच खूश होतील.

पेट्रोलचा एक हिस्सा जायला, एक यायला, एक राखीव. परतायची वेळ घरी सांगून निघा. मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवा आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक मुलांनाही पाठ करायला लावा.