लिनक्सवर आवाज येत नसेल तर

संगणकावर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकल्यावर स्पीकरमधून आवाज आला नाही, म्हणून साउंड कार्ड बिघडले असे समजून लगेच नागपुरातील सीताबर्डीच्या दुकानात नवे कार्ड घ्यायला जाऊ नका. आधी प्रॉकमधील असाउंड डिरेक्टरीतली 'कार्ड्स' ही फाइल (/proc/asound/cards) वाचा. तेथे कार्डाचे नाव दिसले, तर कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, ते ओळखले आहे आणि दोष बहुधा सेटिंगमध्ये आहे.

मग टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करण्याच्या खिडकीत, अल्सामिक्सर (alsamixer) हा आवाजाच्या पातळ्या दाखवणारा प्रोग्राम उघडून एफ६ने योग्य कार्ड निवडा आणि प्रत्येक पट्टीच्या तळाशी नीट पाहा. तेथे 'एमएम' दिसत असेल, तर तो चॅनेल म्यूट आहे. एम दाबताच तो सुरू होतो. मास्टर चालू असूनही हेडफोन किंवा स्पीकरचा चॅनेल म्यूट राहिलेला असतो, आणि नवशिक्यांच्या नजरेतून नेमके हेच सुटते.

कधी एचडीएमआय, म्हणजे मॉनिटरची जोडणी, हेच डिफॉल्ट आउटपुट ठरते आणि आवाज स्पीकर नसलेल्या मॉनिटरकडे जातो. अशा वेळी डेस्कटॉपच्या साउंड सेटिंगमध्ये आउटपुट बदला. कार्ड 'कार्ड्स' फाइलच्या यादीतच नसेल, तर मात्र डीमेसेजमध्ये (dmesg, कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) फर्मवेअर, म्हणजे कार्डाला चालवणारे छोटे सॉफ्टवेअर, लोड न झाल्याची ओळ शोधा, आणि मदत मागताना ती ओळ जशीच्या तशी द्या. 'आवाज येत नाही' एवढ्यावरून कोणालाही कारण सांगता येणार नाही.