जुलमी माणूस शेवटी पस्तावला, तर त्याला मुक्ती मिळाली असं ख्रिस्ती लोक खरंच मानतात का?

हो, मानतात. मीही मानतो. पण तुम्ही पुढे विचारलंय, "मग ज्यांनी सोसलं त्यांचं काय?" त्यासाठी लिहायला बसलो.

मी धुळे जिल्ह्यातला, तिसऱ्या पिढीचा ख्रिस्ती. आमची मंडळी, म्हणजे गावातल्या चर्चचे लोक, लहान, बहुतेक शेतमजूर. माझे थोरले काका, आबा, 19 वर्षं खजिनदार होते. कापणीच्या सणाला लोक ज्वारी, बाजरी, वांगी, कोंबड्या आणतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. तो पैसा आबांकडे जायचा. 2009 साली आईनं सभेत उभं राहून विचारलं, तीन सणांचे पैसे कुठे आहेत, छप्पर तर अजून गळतंय. बाबांना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. आबा म्हणाले, "तुले काय करनं शे?" आणि बायबलातल्या रोमकरांस पत्राचा 13वा अध्याय काढला, अधिकारी देवानं नेमलेले असतात म्हणून. पुढच्या महिन्यापासून आईला प्रभुभोजन, म्हणजे उपासनेत येशूच्या आठवणीनं वाटतात ती भाकर आणि द्राक्षरस, बंद. कारण दिलं, मंडळीत फूट पाडते. पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, नवे होते, ते काही बोलले नाहीत.

आई शेवटच्या सतरंजीवर बसायची. छोट्या पेल्यांचा ट्रे रांगेतून येत होता. तिचा हात पदराखालून निघाला, ट्रे गुडघ्यापर्यंत आला, आणि वाटणाऱ्यानं तो उचलून पलीकडच्या बाईपुढे धरला. हात परत पदराखाली गेला. त्याच वर्षी माझा बाप्तिस्मा झाला होता. ट्रे माझ्यापुढे आला तेव्हा मी पेला घेतला. आईशेजारी बसून घेतला. हे मला अजून खुपतं.

असं सात महिने चाललं.

तेव्हापासून मी बायबल याच प्रश्नासाठी वाचत आलोय. रोमकरांस 13 तिथे आहे, नाकारत नाही. पण 1 शमुवेल 8 पण आहे: लोक राजा मागतात आणि शमुवेल संदेष्टा बजावतो, तो तुमची मुलं रथांपुढे पळवील, चांगली शेतं घेईल, धान्याचा दहावा हिस्सा घेईल, तुम्ही त्याचे दास व्हाल. शास्ते 9 मध्ये योथामानं सांगितलेली झाडांची गोष्ट आहे. जैतून, अंजीर, द्राक्षवेल, सगळे राजा व्हायला नाही म्हणतात, कारण त्यांना फळ द्यायचं असतं. काटेरी झुडूप तेवढं तयार होतं आणि म्हणतं, माझ्या सावलीला या. येशू तर शिष्यांना सरळ सांगतो की परराष्ट्रीयांचे अधिकारी सत्ता गाजवतात, तुमच्यात तसं नसावं, आणि आपण पुष्कळांसाठी जीव खंडणी म्हणून द्यायला आलोय. मराठी बायबलात शब्दच 'खंडणी' आहे. एरवी खंडणी जबरदस्ती करणारा वसूल करतो. इथे धनी स्वतः भरतो. 1934 मध्ये हिटलरच्या जर्मनीत काही ख्रिस्ती मंडळींनी बार्मेन इथे जाहीरनामा काढला, त्यात हेच वचन घेऊन म्हटलं की मंडळीतली पदं एकानं दुसऱ्यावर राज्य करण्यासाठी नाहीत. रोमकरांस 13 तोंडावर फेकणाऱ्याला हे दाखवा.

आता मुक्तीचं. 2017 मध्ये आबा आजारातून उठले आणि प्रार्थनासभेत सर्वांसमोर रडले. म्हणाले, प्रभू, मी पापी आहे. सगळे आमेन म्हणाले, पाळकांनी मिठी मारली. आई तिथेच होती. तिच्याशी ते एक शब्द बोलले नाहीत. पैशाचंही काही निघालं नाही.

मी हे काढलं की आबांचा मुलगा म्हणतो, "देवानं माफ केलं, तू कोण रे?" आणि येशूशेजारी वधस्तंभावर खिळलेल्या, शेवटच्या घडीला स्वर्गाचं वचन मिळालेल्या चोराचा दाखला देतो, त्यानं कुठे काय परत केलं? दादा, त्या चोराचे हात खिळलेले होते. आबांचे मोकळे आहेत. बायबलातल्या जक्कय नावाच्या जकातदाराचे मोकळे होते, तर त्यानं अर्धी मालमत्ता गरिबांना दिली आणि लुबाडलेल्याला चौपट परत करीन म्हणाला. त्यानंतर येशू म्हणाला, आज या घराला तारण, म्हणजे मुक्ती, मिळालं. गणना 5 मध्येही ठरवून दिलंय: पाप कबूल करा, पूर्ण भरपाई द्या, वर पाचवा हिस्सा, आणि ज्याचा अपराध केला त्यालाच द्या. परत केल्यानं तारण विकत मिळतं असं मी म्हणत नाही, ते कृपेनंच मिळतं. पण पश्चात्ताप खरा असेल तर पाय आपोआप त्या घराकडे वळतात.

मी काही पाळक नाही, कॅथलिक लोक पापनिवेदनाचं, म्हणजे धर्मगुरूपुढे पाप कबूल करण्याचं, वेगळं सांगतील. आणि बहुतेक गावांत चर्चचे पंच पदरमोड करून काम करतात, हेही खरं. आबांनीही चर्चच्या विहिरीवर मोटार स्वतःच्या पैशानं बसवली होती.

तुमच्या ओळखीत कुणी असं अडकलं असेल, तर त्यांना हिशेबाची वही मागायला सांगा, लेखी, दोन साक्षीदार घेऊन. आईनं एकटीनं विचारलं, तिथेच फसलं. आता आमच्याकडे सणाच्या पुढच्या रविवारी जमाखर्च मोठ्यानं वाचतात, दोघांच्या सह्या लागतात.

आई म्हणते तिनं केव्हाच माफ केलं. आबांकडे डाळबट्टीचं जेवण असलं की वाढायला जाते. तिचं तिनं केलं. आबांचं राहिलंय. दादा हे वाचत असेल तर, आमचं घर चर्चपासून चौथं आहे आणि आबा अजून रोज संध्याकाळी तिथूनच फिरायला जातात.