सुगंधी तेले, वेदना आणि खाज : वाचकांचे प्रश्न

नवरात्रात गरबा खेळून दुखावलेल्या गुडघ्यांवर आणि पावसाळी खाजेवर कोणते तेल लावावे, असे बडोद्यातील वाचक नेहमी विचारतात. या वेळी काहींनी, तेलाचा गुण तपासतात कसा, असे विचारले आहे. मला हा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो.

प्रश्न : माझी मुलगी औषधनिर्माणशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात आहे. तिच्या प्रकल्पात एका वनस्पतीचे सुगंधी तेल दिल्यावर उंदरांचे कळवळणे बरेच कमी झाले. एवढ्यावरून ते तेल वेदनाशामक ठरते का? (एक पालक, रावपुरा)

उत्तर : अजून ठरत नाही. कळवळणे मोजण्याच्या या चाचणीत उंदराच्या पोटाच्या पोकळीत सौम्य ॲसेटिक आम्ल टोचतात आणि ठरावीक वेळात तो किती वेळा पोट आखडून मागचे पाय ताणतो, हे मोजतात. चाचणी अतिशय संवेदनक्षम आहे, पण स्नायू सैल करणारी किंवा गुंगी आणणारी द्रव्येही तिच्यात सहज उत्तीर्ण होतात. सुगंधी तेलांबाबत ही शंका मुद्दाम घ्यावी लागते, कारण लव्हेंडर आणि धण्याच्या तेलात भरपूर असणारे लिनालूल पुरेशा मात्रेत उंदरांना सुस्त करते, आणि सुस्त उंदीर वेदना होत असूनही कमी हालचाल करतो. म्हणून त्याच मात्रेत उंदीर रोटारॉडच्या फिरत्या दांड्यावर तोल सांभाळतो की घसरून पडतो, हे पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

यापुढची पायरी फॉर्मॅलिन चाचणीची आहे. पंजात सौम्य फॉर्मॅलिन टोचल्यावर उंदीर पहिली सुमारे 5 मिनिटे पंजा चाटतो. मग काही काळ शांत राहतो आणि साधारण 15 ते 30 मिनिटांच्या दरम्यान पुन्हा चाटू लागतो. पहिला टप्पा मज्जातंतू थेट उद्दीपित झाल्याचा, तर दुसरा प्रामुख्याने दाहाचा असतो. मॉर्फिन दोन्ही टप्पे दाबते. दाहशामक औषधांचा परिणाम मुख्यतः दुसऱ्यावर दिसतो. त्यामुळे तेल कोणत्या मार्गाने काम करत असावे, याचा अंदाज येथे बांधता येतो. मॉर्फिनच्या मार्गाची शंका असेल, तर आधी मॉर्फिनचा परिणाम रोखणारे नॅलॉक्सोन देऊन परिणाम नाहीसा होतो का, हे तपासतात.

मुलीला आणखी एक सांगावे : तेलाचे गॅस क्रोमॅटोग्राफीने केलेले पृथक्करण निकालासोबत द्यावे. एकाच वनस्पतीच्या तेलातील घटकांचे प्रमाण जमीन, हंगाम आणि ऊर्ध्वपातनाची पद्धत यांनुसार बदलते, आणि घटकच ठाऊक नसतील तर दुसऱ्या प्रयोगशाळेला तो प्रयोग पुन्हा करून पाहता येत नाही. या मुक्या जिवांना आपण वेदना देतो, तेव्हा त्यातून निःसंदिग्ध उत्तर मिळेल अशी आखणी करणे हे आपले कर्तव्यच आहे.

प्रश्न : उंदराला खाज सुटली आहे की दुखते आहे, हे कसे ओळखतात? (एक विद्यार्थिनी, फतेगंज)

उत्तर : बराच काळ तपासायचे द्रव्य मानेच्या मागे टोचून खाजवणे मोजत असत, पण तेथे वेदना झाली तरी उंदीर मागच्या पायानेच खाजवतो. 2008 मध्ये गालाची पद्धत पुढे आली. गालात खाज आणणारे हिस्टामिन टोचले तर उंदीर मागच्या पायाने खाजवतो. वेदना देणारे मिरचीतील कॅप्सेसिन टोचले तर पुढच्या पायाने गाल पुसतो. दोन हालचाली इतक्या वेगळ्या असतात की चित्रफितीवर त्या सहज निरनिराळ्या मोजता येतात.

मात्र प्रत्येक खाज हिस्टामिनची नसते. खाजकुयलीची बारीक कुसळे अंगाला लागली की जी असह्य खाज सुटते, ती त्यांच्यातील प्रथिनभंजक विकरामुळे (एन्झाइममुळे), हिस्टामिनला वगळून वेगळ्या मार्गाने येते. म्हणूनच हिस्टामिनच्या खाजेवर यशस्वी ठरलेले तेल इसबाच्या जुनाट खाजेवर चालेलच, असे गृहीत धरता येत नाही.

प्रश्न : पेपरमिंटच्या तेलाने कपाळाला गारवा येतो. हा खरा आराम की मनाची समजूत? (एक निवृत्त शिक्षक, दांडिया बाजार)

उत्तर : गारव्याला शारीरिक आधार आहे. त्वचेतील मज्जातंतूंवर थंडी ओळखणारा टीआरपीएम-8 हा ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे संवेदना टिपणारे प्रथिन) असतो आणि मेन्थॉल तोच उघडते. 2002 मध्ये त्याची ओळख पटवणाऱ्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापूटियन यांना 2021 चे नोबेल मिळाले.

परंतु गारवा जाणवणे आणि डोकेदुखी थांबणे या निराळ्या गोष्टी आहेत, आणि माणसांवरील चाचणीत खरी अडचण वासाची येते. वास येताच रुग्णाला आपल्याला तेल मिळाल्याचे कळते आणि अपेक्षेनेच त्याला बरे वाटू लागते. 1996 मध्ये जर्मनीत प्रसिद्ध झालेल्या तणावजन्य डोकेदुखीच्या चाचणीत 10 टक्के पेपरमिंट तेलाची तुलना पॅरासिटामॉलशी आणि अशा द्रवाशी केली होती, ज्यात केवळ वासापुरते तेल मिसळले होते. तेल त्या द्रवापेक्षा सरस ठरले, तर पॅरासिटामॉलच्या तुलनेत लक्षणीय फरक दिसला नाही. चाचणी लहान असली, तरी हा विचार पुढच्या प्रत्येकाने अनुसरावा असा आहे. चोळण्याचाही स्वतःचा गुण असतो, म्हणून दोन्ही गटांत सारखेच चोळले पाहिजे.

प्रश्न : मी हृदयासाठी वॉरफॅरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध घेतो. गुडघ्यावर गंधपुऱ्याचे तेल लावले तर चालेल का? (एक वाचक, मांजलपूर)

उत्तर : डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. हे तेल जवळजवळ पूर्णपणे मिथाइल सॅलिसिलेट असते, ते त्वचेतून रक्तात उतरते आणि वॉरफॅरिनचा परिणाम वाढवून रक्तस्रावाचा धोका निर्माण करू शकते. बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी. 5 मिलिलिटर तेल पोटात गेले तर सुमारे 7 ग्रॅम ॲस्पिरिनइतके सॅलिसिलेट जाते, आणि लहान मुलाच्या दृष्टीने ते प्राणघातक ठरू शकते.

प्रश्न : तान्ह्या बाळाला सर्दीत कापराचे तेल लावतात, ते योग्य आहे का? (एक आजी, कारेलीबाग)

उत्तर : लावू नये. कापराने लहान मुलांना झटके येऊ शकतात.

प्रश्न : माझ्याकडे लव्हेंडरच्या तेलाची जुनी बाटली आहे. खाजेवर लावण्यापूर्वी घरी चाचणी कशी करावी? (एक वाचिका, अलकापुरी)

उत्तर : जुनी बाटली वापरूच नये. हवेच्या संपर्काने लिनालूलचे हायड्रोपेरॉक्साइड बनतात आणि त्यांनी ॲलर्जी होण्याची शक्यता ताज्या तेलापेक्षा पुष्कळ अधिक असते. नवीन तेल आणल्यास 10 मिलिलिटर खोबरेल तेलात त्याचे 2 ते 4 थेंब मिसळावेत आणि कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागी दिवसातून दोनदा, आठवडाभर लावावे. ॲलर्जीची प्रतिक्रिया उशिरा उमटते, त्यामुळे पहिल्या दिवशी काही झाले नाही म्हणून निश्चिंत होऊ नये. लाली, पुरळ किंवा आग दिसताच लावणे थांबवावे. चिरलेल्या, ओलसर किंवा खाजवून सोललेल्या त्वचेवर ही चाचणी करू नये, आणि पुरळ अंगभर पसरत असेल तर तेलाऐवजी त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे.