आधी ठसा बघ, मग नाव शोध

अगं, तुझा मेल वाचला, कोरीव खड्यांचे फोटो पण बघितले. ट्रॉयच्या युद्धातला ग्रीक वीर डायोमिडीज ओळखलास हे भारीच, पण त्याच्या डाव्या हातात तलवार कशी म्हणून जे विचारलंयस ना, तिथेच गंमत आहे. तू खडाच बघतेयस, त्याचा ठसा नाही. हे खडे अंगठीत बसवून मेणावर दाबायला केलेले, त्यामुळे कारागीर सगळं उलटं कोरायचा, उजवं ते डावं आणि उंच ते खोल. ठशात बघ, तलवार बरोब्बर उजव्या हातात येते.

फोनवर फोटो फ्लिप करून काम भागतं असं वाटेल, पण उंचसखलपणा त्यात कळत नाही. म्युझियमवाले प्लास्टरच्या ठशाचा फोटो देतात, तो माग. खऱ्या खड्यावर मात्र स्वतः काही दाबू नकोस हं, अजिबात नाही.

ऑक्सफर्डच्या अॅशमोलियन म्युझियममधला, फेलिक्स नावाच्या कारागिराचा खडा नीट बघ. चार सेंटिमीटरही रुंद नाही आणि त्यात ट्रॉयमधून अथीना देवीची मूर्ती, म्हणजे पॅलेडियम, चोरल्याचा अख्खा प्रसंग. डायोमिडीज वेदीवरून पाय टाकून खाली उतरतोय, मूर्ती हातात, आणि समोर त्याचा साथीदार युलिसीस मेलेल्या पहारेकऱ्याकडे हात करतोय, मागे खांबावर समुद्राचा देव पोसायडन. फेलिक्सने त्यावर स्वतःचं नाव टाकलंय आणि मालकाचंही, कॅल्पुर्नियस सेव्हेरस. मला सगळ्यात आवडतो तो युलिसीसचा हात. चोरी तर जमली, पण त्या पहारेकऱ्याचं काय, हे दोघांमधलं भांडण त्या एका हातात आलंय.

आणि हे छिन्नीने होत नाही बरं का. दगड इतका कडक की फिरत्या ड्रिलच्या टोकाला तेलात कालवलेली कुरुंदाची पूड लावून तो हळूहळू झिजवायचा. एकदा जास्त खोल गेलं की गेलं, परत भरता येत नाही. म्हणून गुडघा, खांदा, केसांच्या बटा अशा ठिकाणी गोल खळगे दिसतात का बघ, हत्याराची खूण तिथे सापडते.

दगड कुठून यायचा हेही विसरू नकोस. पहिल्या शतकातल्या ग्रीक पेरिप्लसमध्ये, म्हणजे समुद्री व्यापाराच्या माहितीपुस्तकात, लिहिलंय की पैठणहून गाड्या भरभरून ओनिक्स, म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचा दगड, भडोच बंदराला जायचा, तिथून जहाजाने पश्चिमेला. आपल्या पैठणचा दगड कुण्या रोमन माणसाच्या बोटात असू शकेल, हा विचार आला की मला अजूनही काम सोडून बसावंसं वाटतं.

हातात काठी दिसली की देवांचा दूत मर्क्युरी, हेल्मेट दिसलं की युद्धदेव मार्स, अशी नाव ठरवायची घाई सोड. हेल्मेट हातात घेतलेली प्रेमदेवता व्हीनसपण असते, बऱ्याचदा पाठमोरी, आणि तिथे भले भले फसतात. मीपण फसलोय.

शनिवारपर्यंत ठशावरून पेन्सिलने स्केच काढून पाठव, नावं न लिहिता, फक्त कुणाचा हात कुठे आणि नजर कुठे एवढंच.