बोट लागते, पण देवमासा बघायचाय

प्रश्न : लेक अमेरिकेत सॅन होजेला असते. आम्ही दोघं एप्रिलअखेर जाऊन ऑक्टोबरच्या मध्याला परतू. यांना देवमासा बघायची फार हौस. कधी आणि कुठून जावं? मला तर अलिबागच्या लाँचमध्येही बोट लागते.
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : सप्टेंबरात जा, माँटेरेहून. सॅन होजेपासून गाडीने दीडेक तास.

मी पहिल्यांदा गेले ती डिसेंबरात, निळा देवमासा दिसणार म्हणून. कुणाला विचारलं असतं तर कळलं असतं, की थंडीत तिथून ग्रे व्हेल जातात, अलास्काकडून मेक्सिकोच्या खाड्यांत पिल्लं घालायला. ते वाटसरू, थांबत नाहीत. दोनदा राखाडी पाठ दिसली, बाकी वेळ मी बोटीच्या कठड्याला धरून ओकत होते. सकाळी दोन थालीपीठं हाणली होती, दुसरं काय होणार!

निळा देवमासा साधारण जुलै ते ऑक्टोबर. माँटेरेच्या किनाऱ्याला लागूनच समुद्राच्या पोटात दरी आहे, 3 किलोमीटरहून खोल. वारा वरचं पाणी बाहेर लोटतो, खालचं गार पाणी वर येतं आणि त्यावर क्रिल माजतं. क्रिल म्हणजे आपल्या जवळ्यासारखंच. एवढं धूड त्या जवळ्यावर जगतं! हंपबॅक जातीचे देवमासे तर एप्रिलपासूनच असतात. ते क्रिलबरोबर आपल्या मांदेलीच्या जातकुळीतले मासेही गिळतात. जून-जुलैत धुकं फार, म्हणून सप्टेंबर म्हटलं.

दुसऱ्या खेपेला सप्टेंबरात एक हंपबॅक बोटीजवळच वर आला. आधी फुस्स आवाज, मग वास. कुजलेल्या माशाचा, अगदी नाकात बसणारा. मग शेपूट वर. खालून पांढरी, कडेला शिंपल्यांसारखी कवचं चिकटलेली. पाणी निथळत गेली खाली. फोटो काढायचं सुचलंच नाही.

तुमच्या बोट लागण्याबद्दल. सकाळची पहिली बोट घ्या, दुपारी वारा उठतो. गोळी आधी घ्यायची असते, मळमळायला लागल्यावर नव्हे. रक्तदाबाची औषधं चालू असतील तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. उपाशी नको, तडस लागेपर्यंतही नको. बोटीच्या मधोमध किंवा मागे उभ्या राहा, नजर क्षितिजावर. फोन पर्समध्ये. मी आलेपाकाच्या वड्या नेल्या होत्या, उपयोग झाला. आणि कॅलिफोर्निया म्हणून सुती साडीवर जाऊ नका. स्वेटर, कानटोपी, वर वारा अडवणारं जाकीट.

तरीही धीर होत नसेल, तर यांना लेकीबरोबर बोटीत बसवा आणि जावयाला म्हणावं, मला माँटेरेजवळच्या मॉस लँडिंगला ने. दरीचं तोंड तिथे बंदराला भिडलेलं आहे, त्यामुळे उन्हाळ्यात कधीकधी काठावरूनही हंपबॅकचा फवारा दिसतो. नाहीच दिसला तर बंदरात पाणमांजरं असतात. पाठीवर तरंगत, पोटावर दगड ठेवून शिंपले फोडत बसलेली. बरोबर थर्मासमध्ये चहा असू द्या.