बारा जण जमतायत ना, मग गेम जिवंत आहे

प्रश्न : दादा, मी पुण्यात इंजिनिअरिंगला आहे आणि पीसीवर टायटनफॉल 2 हा गोळीबाराचा ऑनलाइन गेम खेळतो. गेम जुना आहे पण भिंतीवरून पळत जाऊन टायटनच्या (अवाढव्य रोबोच्या) पाठीवर उडी मारायची जी मजा यात आहे ती मला दुसऱ्या कुठल्याच शूटरमध्ये मिळाली नाही. आमचा हॉस्टेलचा चांगला मोठा ग्रुप होता, आता तिघंच उरलोय, बाकीचे व्हॅलोरंट नाहीतर बीजीएमआयकडे गेले. रात्री लॉबी (मॅचआधी खेळाडू जमतात ती जागा) भरतच नाही, भरली तर समोर इतके मुरलेले लोक असतात की आम्ही टिकतच नाही. स्टीम या गेमच्या दुकानावरचा प्लेअर काउंट (किती जण खेळतायत तो आकडा) बघून पोटात गोळा येतो. हा गेम टिकेल का? का आता सोडून द्यावा?

उत्तर : मित्रा, सोडू नकोस, आणि आधी तो प्लेअर काउंट बघणं बंद कर. तो आकडा तुला काहीच सांगत नाही. पब्जी मोबाइल आठव, भारतात कोट्यवधी लोक खेळत होते, 2 सप्टेंबर 2020 ला सरकारने बंदी घातली आणि 30 ऑक्टोबरला सर्व्हरच बंद झाले. एवढी गर्दी होती, काय उपयोग झाला? उलट छोटे छोटे गेम वर्षानुवर्षं चालू आहेत. बघायच्या गोष्टी दोनच, एका वेळी एका ठिकाणी पुरेसे लोक येतायत का आणि सर्व्हर कोणाच्या हातात आहे.

पहिली गोष्ट बघू. गेममध्ये खेळायचे वेगवेगळे प्रकार, म्हणजे मोड असतात, त्यातल्या अ‍ॅट्रिशनला 6 विरुद्ध 6, म्हणजे 12 माणसं लागतात. आता समजा जगभरात पाचशे जण ऑनलाइन आहेत, ऐकायला बरे वाटतात, पण ते अमेरिका, युरोप, आशिया असे वेगवेगळ्या डेटा सेंटरवर पांगलेले, त्यात कोणी अ‍ॅट्रिशनच्या रांगेत, कोणी फ्रंटियर डिफेन्स या दुसऱ्या मोडमध्ये, कोणी मेनूमध्ये नुसताच बसलेला, आणि बरेचसे आधीच चालू असलेल्या मॅचमध्ये. तुझ्या वाट्याला त्यातले पाच-सहा येतात आणि मग लॉबी अर्धीच राहते. म्हणजे माणसं कमी आहेत त्यापेक्षा ती पांगलेली आहेत हे जास्त खरं आहे. मेन मेनूमध्ये खाली डेटा सेंटर लिहिलेलं असतं ना, ते उघडून सगळ्यांचे पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, कमी तेवढा बरा) बघ, तिघांनी मिळून एकच ठरवा आणि रोज तेच ठेवा. मोड पण एकच, अ‍ॅट्रिशन, कारण गर्दी तिथेच असते.

आणि वेळ ठरवा! ही माझी सगळ्यात कळकळीची सूचना आहे. गेम बनवणाऱ्या रिस्पॉनला हे कळलेलं होतं, त्यांनी नेटवर्क्समध्ये (गेममधल्या खेळाडूंच्या गटांमध्ये) हॅपी अवर दिला होता, म्हणजे तुमच्या नेटवर्कने ठरवलेल्या तासाला खेळलं की जास्तीचे मेरिट्स, म्हणजे गुण. बक्षीस निमित्तमात्र, लोकांनी एकाच वेळी यावं हा खरा हेतू. तुम्ही शुक्रवारी रात्री दहा ठरवा, डिस्कॉर्डवर टाका, दुसऱ्या कॉलेजच्या पोरांना सांगा. लोकलची वेळ ठरलेली असते म्हणून माणूस स्टेशनवर येतो, तसंच हे आहे. रोज तासभर रिकाम्या लॉबीत बसून मन मारण्यापेक्षा आठवड्यातून एक रात्र भरलेली असू दे.

तसं या गेमचं नशीब पहिल्यापासूनच खडतर. 28 ऑक्टोबर 2016 ला आला, त्याच्या आठवडाभर आधी हाच गेम काढणाऱ्या ईए कंपनीने बॅटलफील्ड 1 काढलेला आणि आठवडाभराने नवा कॉल ऑफ ड्यूटी, मधल्या मध्ये बिचारा चेंगरला. पण एक गोष्ट फार चांगली केली, नंतरचे सगळे मॅप (खेळायची मैदानं) फुकट दिले. त्या काळात मॅप विकायची पद्धत होती, मग ज्यांनी घेतले ते एकीकडे आणि ज्यांनी नाही घेतले ते दुसरीकडे अशी वाटणी व्हायची. इथे ती झाली नाही आणि हा गेम एवढी वर्षं तगला त्यात याचा मोठा वाटा आहे असं माझं मत आहे.

आता सर्व्हर. 2021 मध्ये या मालिकेच्या सर्व्हरवर हॅकर्सचे इतके हल्ले व्हायचे की लोकांना खेळताच येईना, जुलैमध्ये तर कोणीतरी याच कंपनीचा एपेक्स लेजंड्स हॅक करून त्यात टायटनफॉल वाचवा असा मेसेज लावला (हे मला अजिबात पटलेलं नाही, दुसऱ्यांचा खेळ मोडून आपला वाचत नाही). डिसेंबरमध्ये पहिल्या टायटनफॉलची विक्रीच थांबवली. पण त्याच महिन्यात चाहत्यांनी नॉर्थस्टार नावाचा मॉड (गेममध्ये चाहत्यांनी केलेला बदल) आणला, ज्याच्याकडे पीसीवर ओरिजिनल गेम आहे त्याला स्वतःचा सर्व्हर चालवता येतो. पुढे 2023 च्या सप्टेंबरमध्ये अधिकृत सर्व्हर पण दुरुस्त झाले आणि लोक लोंढ्याने परत आले. तेव्हा तू नॉर्थस्टार टाकून बघच. घरच्या इंटरनेटवर पोर्ट (बाहेरच्यांना आत यायचा मार्ग) उघडायला त्रास होतो, त्यापेक्षा मुंबईत डेटा सेंटर असलेल्या एखाद्या क्लाउड कंपनीचं मशीन फक्त शुक्रवारी रात्रीपुरतं चालू करा, खर्च वाटून घ्या, पिंग सिंगापूरच्या डेटा सेंटरपेक्षा कितीतरी कमी येईल.

सर्व्हर लोकांच्या हातात असला की काय होतं त्याचं सिटी ऑफ हीरोज हा ऑनलाइन गेम हे मला फार आवडणारं उदाहरण. एनसीसॉफ्टने तो 30 नोव्हेंबर 2012 ला बंद केला, चाहत्यांनी गुपचूप चालू ठेवला, 2019 मध्ये ते बाहेर फुटलं आणि जानेवारी 2024 मध्ये कंपनीने होमकमिंग या चाहत्यांच्याच सर्व्हरला रीतसर लायसन्स दिलं.

राहिला मुरलेल्या लोकांचा प्रश्न. नवीन पोरगं आलं की त्याला पहिल्या रात्री वीस वेळा मारायचं आणि मग गेम मरतोय म्हणून रडायचं, हे जुन्या लोकांनी थांबवलंच पाहिजे. तुमच्या शुक्रवारी टीम मिसळून करा, दोन जुने एका बाजूला नकोत, आणि नवीन माणूस असेल तर आधी फ्रंटियर डिफेन्स खेळा, तिथे सगळे एका बाजूला असतात, समोर एआय असतो, टायटन हाताळायची सवय होते.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे, एका ऑनलाइन गेममध्ये त्याने स्किन्ससाठी (पात्रांच्या नव्या पोशाखांसाठी) बरेच पैसे घातलेत. आता म्हणतो गेम बंद होणार आहे. पैसे परत मिळतात का? (एक आई, सातारा)

उत्तर : ताई, बहुतेक वेळा नाही मिळत. आपण स्किन घेतो म्हणजे वापरायची परवानगी घेतो, असं त्या लांबलचक अटींमध्ये लिहिलेलं असतं. युबीसॉफ्टने द क्रू हा गेम 31 मार्च 2024 ला बंद केला तेव्हा तर गेम विकत घेतलेल्यांना तो अजिबातच खेळता येईना, त्यावरून स्टॉप किलिंग गेम्स ही मोहीम उभी राहिली आणि युरोपात त्यांच्या अर्जावर जुलै 2025 पर्यंत 10 लाखांच्या वर सह्या झाल्या. क्वचित चांगलंही होतं, बीजीएमआय, म्हणजे पब्जी मोबाइलचा भारतातला नवा अवतार, आला तेव्हा पब्जी मोबाइलमधला डेटा आणि सामान तिकडे नेऊ दिलं होतं. त्यामुळे गेमच्या अधिकृत घोषणेत ट्रान्सफर किंवा रिफंडची शेवटची तारीख दिलीय का ते आजच नीट वाचा, शेवटची खरेदी अगदी अलीकडची असेल तर प्ले स्टोअरवर रिफंडची विनंती टाकून बघा, आणि फोनमध्ये कार्ड सेव्ह केलेलं असेल तर ते काढून टाका.